सगळ्यांचे हात वर गेले की आपलाही हात का वर जातो?

प्रश्नकर्ती (दांडिया बाजार, बडोदे)

आमच्या भागातील गणेशोत्सव मंडळाच्या सभेत यंदाची वर्गणी बरीच वाढवण्याचा ठराव मांडला गेला. अध्यक्षांनी विचारताच पुढे बसलेल्या ज्येष्ठांनी हात वर केले, पाठोपाठ इतरांनीही केले आणि ठराव एकमताने संमत झाल्याची नोंद झाली. सभा संपल्यावर मात्र अनेक सदस्यांनी मला वेगवेगळे गाठून सांगितले की ही वाढ त्यांना झेपणारी नाही. पण विरोधात आपण एकटेच आहोत, असे प्रत्येकाला वाटले होते.

पदवीला मानसशास्त्र असल्यामुळे सॉलोमन अ‍ॅश यांचा रेषांचा प्रयोग मला ठाऊक आहे: तीनपैकी कोणती रेषा दिलेल्या रेषेएवढी आहे, ते गटात बसून मोठ्याने सांगायचे आणि इतर सगळे चुकीचे उत्तर देत असताना माणूस काय करतो ते पाहायचे. परंतु तेथे रेषा डोळ्यांसमोर होत्या, खरे उत्तर देणाऱ्याला शिक्षा नव्हती आणि चुकीचे उत्तर देणाऱ्याला बक्षीसही नव्हते. तरीही माणसे चुकीचे उत्तर का देत होती? भीतीपोटी, की इतरांचेच बरोबर आहे असे त्यांना खरोखर वाटू लागत होते? आमच्या सभेत घडले ते हेच का? पुढील सभेची कार्यपद्धती सुचवण्याचे काम माझ्याकडे असल्याने जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : मानसशास्त्राची अध्यापिका (फतेगंज)

आपण विचारलेला ‘भीती की खात्री’ हा प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे, आणि दोन्ही गोष्टी घडतात असे त्याचे उत्तर आहे. मात्र कोणती गोष्ट केव्हा घडते, हे समजून घेतल्याशिवाय उपाय सापडत नाही.

मुझफर शरीफ यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगापासून सुरुवात करू. पूर्ण अंधारात प्रकाशाचा एक स्थिर ठिपका पाहत राहिले की तो हलल्याचा भास होतो. तो किती हलला असे विचारल्यावर एकेकट्या माणसांनी आपापले वेगळे अंदाज दिले. पण तिघांना एकत्र बसवताच त्यांचे अंदाज हळूहळू जवळ येत गेले आणि पुन्हा एकट्याने पाहतानाही बहुतेकांनी गटात ठरलेलाच अंदाज धरून ठेवला. येथे कोणी कोणाला घाबरत नव्हते. खरे काय ते कळण्याचा मार्गच नसल्यामुळे प्रत्येकाने इतरांच्या मताला पुराव्याचे स्थान दिले.

अ‍ॅश यांना नेमके उलट पाहायचे होते, म्हणजे उत्तर स्वच्छ दिसत असताना माणूस काय करतो. खोलीतील एकजण सोडून बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याने आधीच पढवलेले होते आणि अठरांपैकी बारा वेळा ते ठरवून एकच चुकीचे उत्तर मोठ्याने देत. १९५६ साली त्यांनी १२३ विद्यार्थ्यांचे निष्कर्ष मांडले. त्या बारा फेऱ्यांतील सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमताच्या बाजूने चुकीची होती, तर एकट्याने उत्तर देणाऱ्यांच्या चुका एक टक्क्याहून कमी होत्या.

नंतरच्या मुलाखती मला आकड्यांहून मोलाच्या वाटतात. चुकीची रेषा खरोखरच बरोबर दिसली, असे सांगणारे फार थोडे होते. काहींना इतर चुकत आहेत हे पक्के ठाऊक होते, पण वेगळे पडणे त्यांना नको होते. मात्र बहुमतामागे गेलेल्यांपैकी बहुतेकांची मनःस्थिती या दोहोंच्या मधली होती: डोळ्यांना एक दिसते आहे, पण इतके लोक दुसरे सांगत आहेत, तेव्हा आपल्याच पाहण्यात दोष असावा. म्हणून अशा माणसाला भित्रा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे.

मॉर्टन डॉइश आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी १९५५ साली हे दोन दाब वेगळे करून दाखवले. एक दाब इतरांच्या नजरेतून उतरण्याच्या भीतीचा, दुसरा इतरांना अधिक माहिती असेल या समजुतीचा. त्यांनी माणसांना आडोशात बसवून, कोणाचे उत्तर कोणते हे कळणार नाही अशा रीतीने बटण दाबायला सांगितले. चुका कमी झाल्या, पण नाहीशा झाल्या नाहीत. नजरेचा दाब काढून घेतल्यावरही दुसरा दाब शिल्लक राहतो, हे त्यातून दिसते.

आपल्या सभेत मात्र आणखी एक गोष्ट घडली. अ‍ॅश यांच्या खोलीत बहुमत रचलेले असले तरी त्याचे आवाज प्रत्यक्ष होते. आपल्याकडे ते बहुमत कदाचित कोणाच्याच मनात नव्हते. प्रत्येकाने स्वतःच्या गप्प राहण्याचे कारण ‘संकोच’ असे ओळखले आणि शेजाऱ्याच्या वर गेलेल्या हाताचा अर्थ मात्र ‘संमती’ असा लावला. हा गैरसमज सामाजिक मानसशास्त्रात चांगला परिचित आहे आणि त्यावर धैर्याच्या उपदेशापेक्षा माहितीचा उपयोग अधिक होतो.

उत्तर २ : निवृत्त शिक्षक (रावपुरा)

अध्यापिकाबाईंचे विवेचन मला मान्य आहे, तथापि अ‍ॅश यांच्या प्रयोगाची दुसरी बाजू नेहमी झाकली जाते. ३७ टक्के उत्तरे चुकीची होती, याचाच अर्थ ६० टक्क्यांहून अधिक उत्तरे सगळी खोली विरोधात असतानाही बरोबर होती, आणि सुमारे चौथा हिस्सा माणसे एकदाही ढळली नाहीत. माणूस मेंढरासारखा असतो हे सिद्ध करण्यासाठी हा प्रयोग सांगितला जातो, ते मला अयोग्य वाटते. बहुमतातील एका जरी माणसाने खरे उत्तर दिले, तरी चुका सुमारे चतुर्थांशावर येत, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. साथ देणारा मधेच बहुमताला जाऊन मिळाला, की चुका पुन्हा वाढत.

शिवाय रेषांवरून समाजाविषयी बोलताना आपल्याच बडोद्याचा इतिहास आठवावा. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला, तरी पुष्कळ कुटुंबे दंड भरूनही लहान मुलांची लग्ने लावत राहिली. त्यांपैकी कित्येकांना ती प्रथा मनापासून योग्य वाटत असणार, हे उघड आहे. पण जो बाप मनातून साशंक होता, त्याच्यापुढचा प्रश्न असा होता की आपण थांबलो आणि जातीतील इतर थांबले नाहीत, तर पुढे आपल्या मुलीला स्थळ मिळेल का? सरकारी दंड एकदाच भरायचा होता, जातीचा रोष मात्र जन्मभर पुरला असता. प्रयोगशाळेत दार उघडून बाहेर पडता येते. गल्लीत, जातीत आणि मंडळात तीच माणसे रोज भेटतात. त्यामुळे अशा दाबाला केवळ मनाची दुर्बलता समजणे मला पटत नाही, कारण पुष्कळदा त्यामागे पूर्ण विचारान्ती मांडलेला हिशेब असतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गुप्त चिठ्ठ्या घ्याव्यात असे माझ्या मनात आहे, परंतु ज्येष्ठांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल अशी शंका वाटते. चिठ्ठ्यांनी काम भागेल का?

उत्तर ३ : मानसशास्त्राची अध्यापिका (फतेगंज)

ताई, चिठ्ठीमुळे नजरेचा दाब उतरेल, पण ती चर्चेनंतर घेतली तर तोपर्यंत ‘ज्येष्ठांना हिशेब अधिक कळतो’ हा दुसरा दाब आपले काम करून गेलेला असेल. म्हणून चर्चा सुरू होण्यापूर्वीच प्रत्येकाने आपला आकडा कागदावर लिहावा. डॉइश आणि जेरार्ड यांच्या प्रयोगात ज्यांनी इतरांची उत्तरे ऐकण्यापूर्वी स्वतःचे उत्तर लिहून ठेवले, त्यांच्या चुका बऱ्याच कमी झाल्या. लिहिलेले लगेच पुसून टाकायचे असले तरी काही प्रमाणात फरक पडला. सगळे कागद एकत्र करून आकडे फळ्यावर मांडले, की आपण एकटे नाही हे प्रत्येकाला दिसेल आणि मग चर्चा उघडपणे करता येईल. सर्वांसाठी एकच रीत असल्याने ज्येष्ठांचाही अवमान होत नाही.

त्यासोबत गेल्या वर्षीचा जमाखर्च सभेच्या काही दिवस आधी सर्वांना वाटावा. रॉबर्ट बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले की काम सोपे असेल, तर निर्णय महत्त्वाचा वाटल्याने माणसे बहुमतापासून अधिक स्वतंत्र राहतात. पण काम अवघड आणि धूसर असेल, तर निर्णय महत्त्वाचा वाटल्यामुळेच ती बहुमताकडे अधिक झुकतात. मंडपाचा, मूर्तीचा आणि रोषणाईचा खर्च किती, हे ज्याला ठाऊक नाही, तो आडोशात बसून चिठ्ठी लिहितानाही पुढच्या रांगेचाच अंदाज घेईल.

उत्तर ४ : निवृत्त शिक्षक (रावपुरा)

यास माझी एक पुरवणी. मतदान हात वर करूनच घ्यावे लागले, तर मत विचारण्याची सुरुवात मागच्या रांगेतील तरुणांपासून करावी आणि अध्यक्षांनी स्वतःचे मत सर्वांत शेवटी सांगावे. ही विनंती अध्यक्षांना सभेपूर्वी एकांतात करावी, म्हणजे तीच पद्धत ते स्वतःहून जाहीर करू शकतील.