गेस्टाल्ट थेरपी मुळापासून वाचायची आहे, सुरुवात कुठून करू?

कोरी_पाटी:
एम.ए. मानसशास्त्र, दुसरं वर्ष. आमच्या नोट्समध्ये गेस्टाल्ट थेरपी ही मानसोपचार पद्धत दीड पानात उरकली आहे: तिचा जनक फ्रिट्झ पर्ल्स, रिकामी खुर्ची (समोर कुणी बसलंय असं मानून त्याच्याशी बोलणं), 'इथे आणि आत्ता'. पण मुळात फ्रॉइडच्या परंपरेतला मनोविश्लेषक असलेला हा माणूस त्यातून बाहेर का पडला? एका ठिकाणी वाचलं की फ्रॉइडने अपमान केला म्हणून. पटत नाही. आधी काय वाचू? इंग्रजी चालेल.

उंबरा:
अपमानाची गोष्ट पर्ल्सने स्वतःच लिहून ठेवली आहे. १९३६ साली तो दक्षिण आफ्रिकेहून मारियनबाडच्या मनोविश्लेषण परिषदेला आला होता. तेव्हा व्हिएन्नात फ्रॉइडला भेटायला गेला, तर दारातच बोळवण झाली. ती सल त्याला जन्मभर राहिली. पण खरा मतभेद त्याने परिषदेत वाचलेल्या निबंधात आहे. तो निबंधही कुणाला फारसा रुचला नाही.

विषय होता खाणं! त्याची बायको लोरा हिने बाळांचं दूध सुटणं, चावायला शिकणं यावर काम सुरू केलं होतं. त्यातून विचार पुढे गेला. दात आले की मूल चावतं, फोडतं, नको ते थुंकतं. ही आक्रमकता निरोगी आहे, वाढीसाठी लागतेच. आईवडिलांची मूल्यं मुलाने आत घेणं फ्रॉइडला वाढीचा स्वाभाविक भाग वाटायचं. पर्ल्स म्हणतो, न चावता गिळलेलं पचत नाही, मग ते अन्न असो की शिकवण. आपण मराठीत 'गळी उतरवणं' आणि 'पचनी पडणं' यांत जो फरक करतो, नेमका तोच.

म्हणून आधी 'ईगो, हंगर अँड ॲग्रेशन' घे. १९४२, डर्बन. १९४७ च्या लंडन आवृत्तीचं उपशीर्षक फ्रॉइडच्या सिद्धान्ताची फेरतपासणी असं होतं, १९६९ च्या आवृत्तीवर ते 'गेस्टाल्ट थेरपीची सुरुवात' असं झालं. फारकत एका रात्रीत झाली नाही, हे एवढ्यावरूनही कळतं.

सायंतारा:
समुपदेशक आहे, म्हणून थोडी भर घालते. लोरांना नुसतं 'त्याची बायको' म्हणून सोडू नका. फ्रँकफर्टमध्ये गेस्टाल्ट मानसशास्त्र (आपण गोष्टी सुट्या तुकड्यांत नाही, अख्ख्या आकृतीत पाहतो, असं मानणारी शाखा) रीतसर शिकल्या होत्या त्या. तत्त्वज्ञ बूबर आणि धर्मचिंतक टिलिख यांची व्याख्यानंही ऐकलेली. फ्रिट्झ १९२६ मध्ये तिथे मेंदूविकारतज्ज्ञ गोल्डश्टाइन यांच्याकडे, मेंदूला इजा झालेल्या सैनिकांच्या संस्थेत, साहाय्यक होते. माणूस तुकड्यांनी नाही, अख्खा पाहायचा, ही दृष्टी तिथली. लोरांचं 'लिव्हिंग ॲट द बाउंडरी' जरूर वाचा.

त्यानंतर १९५१ चं 'गेस्टाल्ट थेरपी', पर्ल्स, हेफरलाइन आणि गुडमन यांचं. जुनी प्रत मिळाली तर प्रयोगांचा भाग आधी येईल, सिद्धान्त मागे. तुम्ही सिद्धान्तापासून सुरू करा. तो बहुतांशी पॉल गुडमन यांचा आहे, फार दाट. दिवसाला चार पानं झाली तरी खूप. कॅलिफोर्नियातल्या एसालेन संस्थेतल्या पर्ल्स यांच्या चित्रफिती मात्र शेवटी बघा. आधी त्या पाहिल्या की रिकामी खुर्ची म्हणजेच गेस्टाल्ट असं वाटायला लागतं, आणि ती खुर्ची मुळात मोरेनो यांच्या सायकोड्रामातून, म्हणजे नाट्यातून उपचार करण्याच्या पद्धतीतून, आलेली.

कोरी_पाटी:
ताई, दादा, खूप आभार. विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९५१ चं मिळालं, प्रयोग आधी असलेलंच! उद्या दुसऱ्या भागापासून सुरू करते. गुडमनपाशी अडले की इथेच विचारेन.