ताज्या फळांचं कॉकटेल: एकाच मिश्रणातून मद्याचं आणि बिनमद्याचं, दोन्ही कसं साधावं? (मदत हवी आहे)

ओंजळ

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी घरी बारा जण जेवायला येणार आहेत. त्यातले पाच जण मद्य घेत नाहीत. जेवणाआधी सगळ्यांच्या हातात ताज्या फळांचं, घरी केलेलं पेय द्यावं असं मनात आहे. बाटलीतली रंगीत सरबतं अजिबात वापरायची नाहीत, फळ फळासारखंच लागलं पाहिजे. आणि जे घेत नाहीत त्यांच्यापुढे नुसता रसाचा ग्लास ठेवून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. त्यांचंही पेय तितक्याच निगुतीनं केलेलं हवं. म्हणून मूळ मिश्रण एकच करायचं आणि ओतताना कुणाच्या ग्लासात व्हाइट रम, कुणाच्या ग्लासात सोडा घालायचा, असा बेत आहे.

फळं: कलिंगड आणि अननस, जोडीला थोडं संत्रं. थोड्या प्रमाणात करून बघते आहे, पण काही गोष्टी सुटत नाहीत.

कलिंगडाचा रस मिक्सरमधून काढून गाळला की सुरेख दिसतो. अर्ध्या तासात गर एकीकडे आणि पाणी एकीकडे.

चवीचं तर कोडंच आहे. रस नुसता चाखला तर छान गोड लागतो, बर्फ घातला की पांचट. साखर वाढवली तर पेय गोडमिट्ट होतं, पण फळ काही पुढे येत नाही. रम घातली की फळ आणखीच मागे जातं.

संत्र्याचा रस सकाळी काढून ठेवला तर संध्याकाळपर्यंत कडवट होतो. फळं गोड होती, खाऊन पाहिली होती.

शेकर नाही. मिक्सर, बारीक गाळणी, मापाचा कप आणि मोठे जग आहेत. शिवाय आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल, तेही सांगा. पाहुणे आल्यावर मला स्वयंपाकघरात अडकून पडायचं नाही.

पाणचक्की

ओंजळ, तुमच्या मिश्रणात आंबट काहीच नाही. सगळं तिथंच अडलंय.

कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि आंबटपणा जवळजवळ नसतो. खाताना ते जाणवत नाही, कारण कुरकुरीत गर दाताखाली येतो. रस काढला की उरतं गोड पाणी. त्यात गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, म्हणून बर्फ पडला की आहे तेवढी गोडीही दबते. साखर वाढवून उपयोग नाही. लिंबू घाला आणि मग लिंबाला तोलेल एवढीच साखर घाला. आंबट आणि गोड एकमेकांना भिडले की मधून फळ वर येतं. डायक्विरीत रम, लिंबू आणि साखर याशिवाय काही नसतं, तरी ते पेय पूर्ण वाटतं ते याच तोलामुळे.

लिंबाऐवजी संत्र्यावर भागवू नका. लिंबाच्या रसात साधारण पाच-सहा टक्के आम्ल असतं, संत्र्याच्या रसात जेमतेम एक टक्का. संत्रं सुगंधाला चांगलं, आंबटपणाच्या कामाचं नाही.

एका ग्लासाचं माप देतो: कलिंगडाचा रस 60 मिली, अननसाचा 30, लिंबाचा 20, साखरेचं पाणी 15. बारा ग्लासांना 720, 360, 240 आणि 180, म्हणजे बरोबर दीड लिटर. प्रत्येक ग्लासात हे 125 मिली ओतायचं, वर 45 मिली रम किंवा तेवढाच सोडा. अननस फार आंबट निघाला तर लिंबू थोडं कमी करा. लिंबं मोजू नका, रस मोजा. एक लिंबू दुसऱ्याच्या दुप्पट रस देतं.

साखरेचं पाणी म्हणजे साखर आणि पाणी समप्रमाणात, साखर विरघळेपर्यंत कोमट करून गार केलेलं. पाक करायचा नाही. कोरडी साखर थेट घालू नका, गार रसात ती लवकर विरघळत नाही आणि तळाशी बसते.

आणि चिमूटभर मीठ. दीड लिटरला पाव चमच्याहूनही कमी. खारट लागता कामा नये, पण कडवटपणा दबतो आणि कलिंगड ठळक होतं. हे एकदा मीठ न घातलेल्या ग्लासाशेजारी ठेवून चाखाच.

निळी_शाई

संत्र्याचं उत्तर माझ्याकडे आहे. सोलून फोडी मिक्सरमध्ये फिरवता का? तसं असेल तर बिया आणि पांढरा पापुद्रा भरडला जातो आणि कडवटपणा तिथून येतो. पण हातानं पिळलेला रससुद्धा काही जातींचा काही तासांनी कडू होतो, नेव्हल जातीचा तर हमखास. ताज्या फळात कडू नसलेला एक घटक रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, आणि लिमोनिन चांगलंच कडू असतं. म्हणून सकाळी गोड, संध्याकाळी कडू. फळ वाईट नसतं.

तेव्हा संत्रं ऐनवेळी पिळा. किंवा रस सोडूनच द्या आणि साल वापरा. सालीचा फक्त नारिंगी भाग सोलाण्यानं पातळ काढायचा, ग्लासावर धरून मुडपायचा. तेलाचे बारीक थेंब पेयावर उडतात, उजेडात धरलंत तर दिसतातसुद्धा. ग्लास तोंडाशी नेला की आधी तो वास येतो. बिनमद्याच्या ग्लासाला याचा फार फायदा होतो, कारण रम नसली की वासाची जागा रिकामी राहते.

कोरा_कागद

गर आणि पाणी वेगळं होणं हा दोष नाही. गराचे कण द्रवात विरघळलेले नसतात, त्यामुळे ते वेगळे होणारच. मिक्सर जास्त वेळ फिरवला की हवा शिरते आणि तीच हवा गराला घेऊन वर येते. थांबत थांबत, थोडं थोडंच फिरवा, गाळणीत चमच्यानं दाबू नका, आपोआप गळू द्या. मग जग तासभर फ्रिजमध्ये ठेवून वरचा फेस काढून टाका. तरीही थोडं वेगळं होईल. ओतण्यापूर्वी लांब चमच्यानं तळापासून ढवळलं की झालं.

पाहिजे तर मलमलच्या कापडातून पुन्हा गाळा. पेय नितळ होतं, पण रंग फिका पडतो आणि तोंडात पातळ लागतं. मी एकदाच गाळतो.

पाणचक्की

कोरा_कागद, कलिंगडापुरतं मान्य. अननस मात्र मी दोनदा गाळतो. त्याचे धागे दातात अडकतात आणि गप्पा मारणाऱ्या माणसाला ते नको वाटतं.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार! पाणचक्की, तुमच्या मापानं आज दोन ग्लास केले. लिंबानं एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं, कलिंगड आहे हे आता डोळे मिटूनही कळतं. मीठ घातलेला आणि न घातलेला असे दोन्ही शेजारी ठेवून चाखले. न घातलेला बेचव लागला.

निळी_शाई, हो, फोडी मिक्सरमध्येच फिरवत होते. आता फक्त साल.

आणखी दोन शंका. पुदिना रसाबरोबर मिक्सरमध्ये फिरवावा का? आणि दोन पाहुण्यांना अननस-क्रीमचं पेय फार आवडतं. त्यांच्यासाठी थोडा अननसाचा रस बाजूला काढून त्यात आदल्या दिवशी क्रीम मिसळून ठेवलं तर चालेल का?

गवतफूल

पुदिना खुशाल फिरवा, आमच्याकडे तसाच करतो. हिरवा रंगही छान येतो.

निळी_शाई

गवतफूल, लगेच प्यायचं असेल आणि हिरवंच हवं असेल तर ठीक आहे. पण इथं मिश्रण लाल आहे, हिरवं मिसळलं की मातकट दिसेल. आणि चिरडलेला पुदिना तासाभरात काळपट पडतो, गवतासारखी कडसर चव सोडतो. ओंजळ, पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या हातानं एकदा थाप मारा आणि ग्लासात खोचा. वास मोकळा व्हायला तेवढं पुरतं.

कोरा_कागद

क्रीम आदल्या दिवशी अजिबात मिसळू नका. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर असतं, ते प्रथिनं तोडतं. दुधातल्या प्रथिनांचे तुकडे झाले की कडू चव येते, शिवाय आम्लामुळे क्रीम फुटतं ते वेगळंच. फ्रिजमध्ये ही क्रिया मंदावते, थांबत नाही.

दोन वाटा आहेत. अननसाचा रस उकळी येईपर्यंत तापवून पूर्ण गार करा. उष्णतेनं विकर निकामी होतं. मात्र ताज्या फळाचा टवटवीतपणा थोडा जातो. नाहीतर क्रीमऐवजी दाट नारळाचं दूध घ्या. पिन्या कोलाडात अननसाबरोबर नारळच असतो आणि ती जोडी चांगली जमते. तरी मिसळायचं ते ऐनवेळीच. त्या ग्लासात लिंबू थोडं कमी घाला.

पाणचक्की

आदल्या दिवसाच्या तयारीचं राहिलं. साखरेचं पाणी करून ठेवा, काही बिघडत नाही. अननसाचा रस झाकून फ्रिजमध्ये ठेवलेला चालतो. कलिंगड त्याच दिवशी दुपारी काढा. कापण्याआधी सालीसकट धुऊन घ्या, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. लिंबं शेवटी, पाहुणे येण्याआधी दोन-तीन तास. जुन्या लिंबाच्या रसाचा तजेला जातो. सगळं एकत्र करून जग फ्रिजमध्येच ठेवा, कापलेली फळं आणि रस दोन तासांहून जास्त बाहेर नकोत.

शेकरची गरज नाही. शेकरचं काम गार करणं आणि बर्फ वितळवून थोडं पाणी मिसळणं. तुमच्या मिश्रणात कलिंगडामुळे पाणी आहेच. म्हणून मिश्रण, रम, सोडा, जमलं तर ग्लाससुद्धा, सगळं आधीच थंडगार असू द्या. मग बर्फ कमी वितळतो. बर्फाचे मोठे तुकडे घ्या, चुरा नको. द्राक्षं किंवा कलिंगडाचे चौकोनी तुकडे गोठवून बर्फाच्या जोडीला टाकलेत तर ते वितळून पेय पातळ करत नाहीत. सोडा नेहमी सर्वांत शेवटी आणि चमच्यानं एकदाच हलकेच फिरवायचा.

एक काळजीची गोष्ट. आंबटगोड रसात रम कळत नाही. 40 टक्क्यांच्या 45 मिली रममध्ये 14 ग्रॅमच्या आसपास शुद्ध मद्य असतं आणि गार, गोड ग्लास पटकन संपतो. रम मापानंच घाला, बाटलीतून अंदाजानं नको. परत गाडी चालवणाऱ्याला सोड्याचा ग्लास द्या.

ओंजळ

म्हणूनच जगात रम मिसळायची नाही, ती ग्लासातच घालणार. पण दिसायला दोन्ही सारखेच. पाच जणांपैकी कुणाच्या हातात चुकून भलता ग्लास गेला तर मला फार वाईट वाटेल. वेगळे ओळखू कसे यावेत?

निळी_शाई

खूण पेयातच ठेवा. रमच्या ग्लासात संत्र्याची साल, सोड्याच्या ग्लासात पुदिना. साल मी बिनमद्यासाठी सुचवली होती, पण पुदिनाही वासाचं तेच काम करतो. आणि ट्रे दोन वेगळे करा. आल्या आल्या सगळ्यांना एकदा सांगून टाका, मग कुणाला विचारावं लागत नाही.

ओंजळ

हे एकदम पटलं. साल रमला, पुदिना सोड्याला. नारळाच्या दुधाचे दोन ग्लास आकारानंच वेगळे घेते. शुक्रवारी साखरेचं पाणी आणि अननस, शनिवारी दुपारी कलिंगड. रविवारी इथंच येऊन कळवते.