अनुभव धागा: तुमच्या पॅरिशमध्ये (म्हणजे आपापल्या चर्चच्या मंडळीत) तुमच्याकडे काय काम आहे?

नानापेठी

नमस्कार मंडळी. पुण्यात कॅथलिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कॅम्प, प्लम केक आणि इंग्लिश बोलणाऱ्या आंटी येतात. आपल्यातले कितीतरी जण श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, जालन्याकडचे, काही वसईचे, काही मालवणकडचे, घरात मराठीच, आणि हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला सप्टेंबरात सुट्टी टाकणारे, हे कुणाच्या गावीच नसतं. बरं ही काय आजकालची गोष्ट नाही. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक अंमलदार होते, त्यांच्यासाठी सवाई माधवरावांच्या काळात क्वार्टर गेटजवळ जागा मिळाली आणि १७९२ ला सिटी चर्च सुरू झालं. म्हणजे आपण पुण्यात पेशवाईपासून आहोत, सांगा बिनधास्त ऑफिसात.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. मला तरी असं वाटतं की नुसतं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येऊन माणूस पॅरिशचा होत नाही, वर्षानुवर्षं येतो, त्याच बाकावर बसतो आणि शेजारच्याला नाव माहीत नसतं. ज्या दिवशी कुणीतरी हाक मारून सांगतं की ओ भाऊ जरा हे टेबल धरा त्या दिवसापासून मात्र सगळे ओळखायला लागतात. तर तुमच्याकडे काय काम आलं, कसं आलं, सांगा. चांगलंच लिहा असं नाही, वैताग पण चालेल. फक्त तक्रार असेल तर चर्चचं आणि फादरचं नाव टाकू नका.

गोठेवाला

माझ्याकडे गोठा! नाताळचा, येशूजन्माचा देखावा. आमच्या पॅरिशमध्ये गोठ्याला जी पोरं येतात ती सगळी दिवाळीत किल्ला केलेली, त्यातली निम्मी कॅथलिक पण नाहीत, मागच्या चाळीतली आहेत. माती कुठून आणायची, गोणपाट कसं भिजवून टाकायचं, बुरूज कोसळू नये म्हणून आत विटा कशा लावायच्या हे त्यांना शिकवावं लागत नाही, फक्त सांगायचं की यंदा बुरूज नको, डोंगर आणि गुहा पाहिजे. हिरवळीला आळीव किंवा मोहरी, तेच किल्ल्याचं तंत्र, पण डिसेंबरच्या थंडीत उगवायला वेळ लागतो म्हणून आठ-दहा दिवस आधी पेरायचं आणि रात्री वर पोतं टाकायचं. आमच्या गोव्याच्या आंटी नाचणी पेरा म्हणतात, त्यांच्याकडे तसंच करतात, ती पण छान उगवते पण पुण्यात कुणाला धीर नसतो.

एका वर्षी मेंढपाळ कमी पडले तर एका पोराने गुपचूप किल्ल्यावरचा ढाल-तलवारवाला मावळा आणून ठेवला. फादर गोठ्याला आशीर्वाद द्यायला आले, वाकून बघितलं, म्हणाले हा कोण. पोरगं म्हणालं, पहारा. राहू द्या म्हणाले. बाळयेशू मात्र चोवीसच्या मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत ठेवायचा नाही, तोपर्यंत तो सॅक्रिस्टीच्या (वेदीमागच्या सामानाच्या खोलीच्या) कपाटात असतो आणि किल्ली कुणाकडे आहे यावरून दरवर्षी पावणेबाराला पळापळ.

वसईची_सून_नाही_मुलगी

मी हिंजवडीत नोकरीला, पीजीत राहते. वसईत आमच्याकडे चर्च म्हणजे अख्खं गाव, मिस्साला नाही गेलं तर संध्याकाळपर्यंत तीन मावश्या विचारतात बरी आहेस ना. इथे आले तर कुणी विचारणारंच नाही, सुरुवातीला भारी वाटलं खरं सांगते, रविवारी अकरापर्यंत झोप. मग पावसाळ्यात ताप आला आणि रूमवर एकटी, तेव्हा कळलं विचारणारं कुणी नसणं म्हणजे काय ते. चिंचवडला मराठी मिस्साला जायला लागले, क्वायरमध्ये (गाणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये) मुली कमी होत्या, मी मागून आपलं गुणगुणत होते तर पेटीवाल्या अंकलनी मिस्सा संपल्यावर थेट वही हातात दिली, पट्टी पांढरी चार जमेल का एवढंच विचारलं. नाव दुसऱ्या रविवारी विचारलं. आता ताप आला तर डबा येतो. एवढंच.

एसव्हीपी_भवानीपेठ

मी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे, आपल्यात सगळे एसव्हीपीच म्हणतात. फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या कॉलेजच्या पोराने मित्रांना घेऊन १८३३ साली पॅरिसमध्ये हे सुरू केलं आणि काम करायची पद्धत अजून तीच, दोघादोघांनी गरजूच्या घरी जायचं. चर्चच्या दारात रांग लावून वाटायचं नाही, त्याच्या घरी जाऊन बसायचं. मीटिंगला एक पिशवी फिरते, त्यात ज्याने त्याने मूठ बंद करून घालायची, कोण किती घालतं कुणाला दिसत नाही. मला ही पिशवी फार आवडते. आपल्याकडे वर्गणीची पावती नावासकट फ्लेक्सवर लागते त्या मानाने.

तर एक आजी आहेत, मिस्टर खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, ते गेले, फॅमिली पेन्शनवर एकट्या राहतात. आम्ही तांदूळ, तूरडाळ, तेल घेऊन जायचो. आजी पिशवीला हात लावायच्या नाहीत आधी, चहा पिऊन झाला की मग. चहा नाही घेतला तर पिशवी परत. माझ्या जोडीदाराला शुगर, तो बिनसाखरेचा मागायचा, त्या म्हणायच्या बिनसाखरेचा चहा आजाऱ्याला देतात, पाहुण्याला नाही.

पुढे एकदा त्यांची पेन्शनच थांबली. का, तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा राहिला. दिला नव्हता असं नाही, दोनदा जाऊन आल्या होत्या पण मशीनवर बोटाचे ठसेच उमटेनात. आयुष्यभर लोकांची भांडी घासलेली, बोटांच्या टोकांवर रेषाच राहिल्या नव्हत्या. आजी मशीनवाल्यासमोर उभ्या, आणि मशीन म्हणतंय ओळख पटत नाही. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की आता मोबाईलवर चेहरा दाखवून पण हा दाखला काढता येतो. आमच्यातल्या एका पोरीने, बारावीतली आहे, त्यांना दारात उजेडाला बसवलं, आजींनी आधी केस विंचरले, नवी साडी नेसू का विचारलं, मग डोळे मिचकवा म्हटल्यावर हसायलाच लागल्या, दोन-चार वेळा फोटो हुकला पण झाला दाखला. पुढच्या महिन्यात थकलेले सगळे पैसे जमा.

मला यातून जे दिसलं ते असं की आम्ही डाळतांदूळ देत होतो आणि अडचण भलतीच होती. घरी जाऊन बसल्याशिवाय ती कळली नसती. आता आम्ही ऑक्टोबर संपला की यादीच काढतो पॅरिशमधल्या पेन्शनवाल्यांची, आणि फक्त कॅथलिकांची नाही, त्या बोळातल्या सगळ्यांची.

मागच्या_बाकावरची

वैताग चालेल म्हणालात म्हणून लिहिते. आमच्या पॅरिशमध्ये (नाव नाही सांगत) सगळी कामं वाटलेली आहेत, खुर्च्या मराठी, माईक इंग्लिश. भांडी, मांडव, झाडलोट, फिस्टच्या (चर्चच्या सणाच्या) जेवणाचे कांदे चिरणे याला आमच्या बायका, आणि पॅरिश कौन्सिलची (चर्चच्या कारभाऱ्यांची) मीटिंग अशा फाडफाड इंग्लिशमध्ये की आमची प्रतिनिधी नुसती मान हलवून येते. कुणी वाईट वागतं असं नाही हो, उलट थँक्यू थँक्यू खूप म्हणतात. नानापेठी, तुम्ही म्हणता काम दिलं की माणूस आपला होतो. आमच्या सासूबाईंनी उभ्या हयातीत तिथे पातेली घासली, फोटोत एकदा पण नाहीत.

नानापेठी

@मागच्या_बाकावरची, पटलं. माझं वाक्य अर्धवट होतं, काम कुठलं यावर पण आहे.

प्रचारकाची_नात

बाई अगदी मनातलं बोललात. पण एक सांगते. २०२१ च्या ऑक्टोबरपासून ते सिनडचं (चर्चमधल्या सल्लामसलतीचं) सुरू झालं ना, पोप फ्रान्सिसनी जगभर लोकांचं ऐकून घ्या सांगितलं, तेव्हा आमच्याकडे झोनवार घरगुती बैठका घेतल्या, चहा-पोहे आणि मराठीत, कारण सिस्टर नगरकडच्या होत्या. पहिल्यांदा कुणी बोलेचना. मग एका मावशींनी विचारलं, आमच्या मिस्साला सकाळी साडेसहाचीच वेळ का, आमची पोरं कामावरून रात्री अकराला येतात. मग जे सुरू झाले सगळे! वेळ बदलायला पुढे बरीच ओढाताण झाली पण बदलली, आता साडेआठला आहे. आणि मराठी मिस्साला ढोलकी आली, भजनी मंडळ बसलं. माझे आजोबा नगर जिल्ह्यात प्रचारक होते, सायकलवर गावोगाव जाऊन कीर्तनातून शुभवर्तमान सांगायचे, तेच अभंगाच्या चालीवरचं गाणं मी पुण्यात माईकवर म्हटलं तेव्हा आई रडली, मी नाही.

टाचा

छोटा किस्सा. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर बारा जणांचे पाय धुतात, पूर्वी फक्त पुरुष घ्यायचे, २०१६ मध्ये पोप फ्रान्सिसनी नियम बदलला आणि बायकांनाही घ्यायला लागले. आमच्याकडे माझ्या आईला बोलावलं, ती शाळेत शिपाई होती. दुपारपासून न्हाणीघरात वज्री घेऊन टाचा घासत बसली, म्हटलं अगं धुवायचेत तिकडे, तर म्हणे फादरच्या हातात असल्या भेगा द्यायच्या का. संध्याकाळी चर्चमध्ये पाय पुढे करेना, दोनदा मागे घेतला. घरी आल्यावर मोजे घालून झोपली.

माती

आमचा ग्रुप मयताचा. कुणी फॉर्म भरून यात येत नाही, तुमच्या घरी कुणी जातं, तेव्हा ही माणसं धावून येतात, मग पुढच्या वेळी आपण जातो. डॉक्टरचा दाखला, फादरची वेळ, दफनभूमीची वेळ, पेटीचं माप, हे सगळं घरच्यांना त्या दिवशी सुचत नाही. मापाचं तर कुणीच सांगत नाही, अंदाजे सांगतात आणि मग लिफ्टमध्ये पेटी मावत नाही, हल्लीच्या सोसायट्यांमध्ये ही नवीनच कटकट, मयत खाली आणून मग पेटीत ठेवावं लागतं. आम्ही आता आधी लिफ्ट बघून येतो. दोर धरणारी माणसं एका उंचीची लागतात नाहीतर पेटी कलते. जागेची टंचाई आहे, जुनी घरची कबर असेल तर तिचीच कागदपत्रं शोधायची, ती नेहमी अशा नातेवाईकाकडे असतात जो फोन उचलत नाही.

दोन नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधीच्या रविवारी सोलापूर रोडच्या दफनभूमीत गवत काढायला जातो, पावसाळ्याने कमरेएवढं माजलेलं असतं. ज्यांचं कुणी येत नाही त्यांच्या कबरीवर पण मेणबत्ती लावतो. तरुण पोरं कमी येतात याला, कोयते आणा बरोबर.

थकलेला

मी सगळं केलं, युथ, कौन्सिल, फिस्टचा स्टॉल, धर्मशिक्षणाचे वर्ग. जो नाही म्हणत नाही त्याच्याच गळ्यात पडतं. बायको म्हणाली बिस्तरा पण तिकडेच टाक. सोडलं सगळं. आता फक्त मिस्साला जातो आणि शांत बसतो, बरं चाललंय. नवीन लोकांना एकच सांगेन, कामाला मुदत घालून घ्या आधीच.

बाजूच्या_मंडळाचा

मी हिंदू, चर्चच्या मागच्या गल्लीत राहतो, आमचं गणपती मंडळ आहे. नाताळच्या रात्री चर्चबाहेर पार्किंगचा राडा व्हायचा, आमच्याच गाड्या अडकायच्या, म्हणून वैतागून आमची पोरंच शिट्ट्या घेऊन उभी राहिली. आता दरवर्षी फादरच बोलावतात. केक मिळतो, आणि विसर्जनाला त्यांच्या गेटवर पाण्याचे ड्रम. पण चर्चची माणसं गाडी फार आडवी लावतात हे मी या धाग्यावर जाहीरपणे नोंदवून ठेवतो.

सुट्टेपैसे

रिटायर्ड बँकवाला, त्यामुळे मला न विचारताच कलेक्शन मोजायला बसवलं. नियम असा की एकट्याने मोजायचं नाही, दोघं-तिघं पाहिजेत, सह्या पाहिजेत, तो बरोबरच आहे. दानपेटीजवळ आता क्यूआर कोड लावलाय तरी पिशवी फिरतेच, कारण पोरांना नाणं टाकायचं असतं. फाटक्या नोटा मात्र लोक नेमक्या देवालाच देतात, सेलोटेप लावलेली दहाची नोट बाजारात चालत नाही ती इथे येते. कोपऱ्यावरचा किराणावाला दर सोमवारी चिल्लर न्यायला येतो, त्याचं आणि आमचं बरं जमतं. धाग्यावर कुणाचं दुकान असेल आणि सुट्टे लागत असतील तर सांगा, एक-दोनची नाणी पोत्याने आहेत.