मदत हवी आहे : 'राजसंन्यास'ची सुवाच्य प्रत

राम गणेश गडकरी यांची 'प्रेमसंन्यास', 'पुण्यप्रभाव', 'एकच प्याला' आणि 'भावबंधन' ही चार पूर्ण नाटके वाचून झाल्यावर, १९१९ साली त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले 'राजसंन्यास' वाचताना मी अडखळलो आहे. वाचनालयातील प्रतीला कसर लागली आहे. संभाजीराजांच्या तोंडचे एक वाक्य अर्ध्यावरच तुटते, आणि ते गडकऱ्यांनीच तेथे सोडले की पुढचे पान गळाले हे कळत नसल्याने जीव तळमळतो. 'एकच प्याला'तील पदे वि. सी. गुर्जर यांची आहेत, त्यामुळे गडकऱ्यांची स्वतःची लेखणी नेमकी कुठे थांबली हे मला महत्त्वाचे वाटते. लिहून झालेले सर्व प्रवेश असलेली प्रत कोणाकडे असल्यास, त्यांचा क्रम कृपया कळवावा.