संग्रहालयाच्या सहलीत मुलांच्या हाती कार्यपत्रिका द्यावी का?

एक वर्गशिक्षिका (धागालेखिका) :

सातवीच्या मुलांना जवळच्या वस्तुसंग्रहालयात नेण्याची जबाबदारी या वर्षी माझ्याकडे आली आहे. आराखडा करताना शिक्षकांच्या खोलीत जे मतभेद झाले, ते येथे मांडते. मागील वर्षी आम्ही दोन तासांत अकरा दालने पाहिली. पुढची तुकडी थांबली की मागची मुले भिंतीला टेकत होती, आणि परतल्यावर लिहायला दिलेल्या निबंधांत ‘आम्ही खूप जुन्या वस्तू पाहिल्या’ या वाक्यापलीकडे जेमतेम चार मुले गेली. म्हणून या वर्षी एकच दालन, त्यातील सहा वस्तू आणि प्रत्येकाच्या हाती त्या वस्तूंवरील प्रश्नांची कार्यपत्रिका, असे मी सुचवले आहे.

थकव्याचा मुद्दा मी उगाच काढलेला नाही. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी काचपेटीतील वस्तू नीट दिसावी म्हणून माणसाला किती वाकावे आणि मान वळवावी लागते, याची छायाचित्रे घेऊन १९१६ मध्ये ‘संग्रहालयातील थकवा’ याच विषयावर लेख लिहिला होता. तो प्रयोग मोठ्या माणसावर केलेला होता. बारा वर्षांच्या मुलाच्या उंचीचा विचार त्या काचपेट्या मांडताना कोणी केला असेल, असे मला वाटत नाही. तरीही शाळेचा पूर्ण दिवस खर्चून एकच दालन दाखवणे हा मुलांवर अन्याय आहे, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

एक चित्रकला शिक्षक :

एका दालनाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु कार्यपत्रिकेला माझा ठाम विरोध आहे. कागद हाती पडताच मूल वस्तूकडे पाहायचे सोडून तिच्या शेजारच्या माहितीफलकाकडे धावते, काळ आणि धातू लिहून घेते, आणि उरलेले तिघे त्याच्या कागदावरून उतरवून घेतात. सहा वस्तूंची उत्तरे दहा मिनिटांत भरली जातात, आणि मग ‘बाई, झालं’ हा घोष सुरू होतो.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय २०११ मध्ये सुरू झाले. शालेय सहलींसाठी क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक अर्ज आल्यामुळे त्यांनी सोडत काढली, आणि त्यामुळे संशोधकांना भेट दिलेल्या व न दिलेल्या मुलांची थेट तुलना करता आली. १२३ शाळांतील सुमारे अकरा हजार विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली. मेपल या झाडाच्या रसाचा गोड पाक तयार करणाऱ्या लोकांचे एक चित्र तेथे होते. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या साखरेच्या धंद्याला पर्याय म्हणून गुलामगिरीचे विरोधक तो पाक बनवत असत, ही गोष्ट ते चित्र पाहिलेल्या ८८ टक्के मुलांना कित्येक आठवड्यांनंतरही सांगता आली. या भेटीला ना परीक्षा होती, ना गुण. चर्चा बव्हंशी मुलांच्या प्रश्नांवरून पुढे जात असे. आपल्याला यापेक्षा अधिक काय हवे आहे?

धागालेखिका :

सर, याच अभ्यासातील दुसरी बाजू आपण सोडून दिलीत. ती भेट एका तासाची होती, त्यात साधारणपणे पाचच चित्रांवर बोलणे होत असे, आणि बोलणे पुढे नेणारा जाणकार मार्गदर्शक सोबत असे. माझ्याकडे चाळीस मुले आणि दोन शिक्षक असतील. मार्गदर्शक मिळालाच, तर त्याच्याभोवतीच्या पहिल्या बारा मुलांनाच काही ऐकू येईल. मागे उभ्या असलेल्या अठ्ठावीस मुलांसाठी मला तो कागद हवा आहे. मार्गदर्शकाची जागा कागद घेऊ शकत नाही, हे मान्य. पण मागच्या मुलांना निदान कोणत्या काचपेटीसमोर थांबायचे, एवढे तरी तो सांगतो.

एक पालक (गणिताचे प्राध्यापक) :

मूळ गृहीतकावरच माझा आक्षेप आहे. संशोधक जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते की मुलांना अपरिचित जागी नेले, तर त्यांचे लक्ष नेमलेल्या पाठापेक्षा त्या जागेशी जुळवून घेण्यात अधिक जाते. मग कार्यपत्रिका असो वा नसो, पहिल्या भेटीत पाठ होणार कसा? आज अनेक संग्रहालयांच्या वस्तूंची छायाचित्रे घरबसल्या इतकी मोठी करून पाहता येतात की काचेपलीकडून डोळ्यांना न दिसणारा तडासुद्धा दिसतो. वर्गातच हे करून तो दिवस अपूर्णांकांना दिला, तर निम्मा वर्ग मला दुवा देईल. (उरलेला निम्मा काय देईल, ते मी जाणतो.)

संग्रहालयाच्या शिक्षण विभागात काम केलेली एक वाचक :

प्राध्यापक महोदयांनी दिलेला निष्कर्ष खरा आहे, पण त्यावरून ‘जाऊच नये’ हे कसे निघते, ते मला कळले नाही. जागा नवी असण्याची अडचण असेल, तर ती आधी ओळखीची करून द्यावी. सहलीपूर्वी वर्गात इमारतीचा नकाशा दाखवावा. दप्तरे कोठे ठेवायची, स्वच्छतागृह कोठे आहे, दालनात अंधार का असतो, हे सांगावे. कागद आणि कापड यांवर प्रकाशाची तीव्रता सहसा ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे मंदच, ठेवली जाते, कारण प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून येत नाही. हे आधी कळलेली मुले दालनात शिरताच दिव्यांविषयी तक्रार करत नाहीत. उलट कोणती काचपेटी अधिक अंधारात आहे, याचा शोध घेऊ लागतात. इतक्या वर्षांत मला सर्वांत चांगले प्रश्न अशाच मुलांनी विचारले.

छायाचित्रातला तडा मोठा दिसतो, पण वस्तू आपल्या तळहाताएवढी आहे की आपल्यापेक्षा उंच, हे पडद्यावर कळत नाही, आणि मुलांची चर्चा तर नेहमी आकारावरूनच सुरू होते.

धागालेखिकेस एक सूचना आहे. सहा वस्तू निवडण्यापूर्वी स्वतः जाऊन यावे आणि सहलीच्या आठवड्यात त्या मांडणीत असतील का, हे विचारून घ्यावे. वस्त्रे आणि हस्तलिखिते अधूनमधून विश्रांतीसाठी आत नेली जातात. रिकाम्या काचपेटीसमोर प्रश्न क्रमांक चार हाती घेऊन उभी राहिलेली तुकडी मी अनेकदा पाहिली आहे. शाईचे पेन आणू नये, पेन्सिली आणाव्यात.

एक चित्रकला शिक्षक :

माझ्या विरोधाला या रिकाम्या काचपेटीने बळच दिले. वस्तू आपण आधी ठरवतो, म्हणून हे घडते. प्रत्येक मुलाने दालनात एक फेरी मारावी, एक वस्तू स्वतः निवडावी आणि वीस मिनिटे तिच्यासमोर बसून तिचे रेखाटन करावे. ज्याला हँडल काढता येत नाही, त्याला ते भांड्याला कसे जोडले आहे, हे पाहावेच लागते. माहितीफलक सर्वांत शेवटी वाचावा.

धागालेखिका :

रेखाटन मी घेते, आणि मूळ आराखडा त्यासाठी बदलते. चाळीस मुलांच्या चार तुकड्या होतील, म्हणजे आणखी दोन मोठी माणसे सोबत लागतील. प्रत्येक तुकडी आधी वीस मिनिटे आपापल्या निवडीची वस्तू रेखाटेल आणि त्यानंतरच कागद मिळेल. वस्तू सहाऐवजी तीन असतील, आणि ज्याचे उत्तर फलकावर छापलेले आहे असा एकही प्रश्न त्यात नसेल. ‘ही वस्तू कोठे झिजली आहे आणि तेथेच का?’ हा पहिला प्रश्न मी लिहूनही ठेवला आहे.

मात्र निवड पूर्णपणे मुलांवर सोडणे मला मान्य नाही. तसे केले, तर चाळीसपैकी तीस जण तलवारीसमोर बसतील. मातीचे दिवे पाहायचे आहेत, हे कोणीतरी सांगावेच लागते.

एक चित्रकला शिक्षक :

बसू द्या की तीस जणांना तलवारीसमोर. मूठ काढून दाखवा म्हणावे.

एक पालक :

सोबत दोन मोठी माणसे कमी पडत असल्यास मी येईन. तलवारीची तुकडी माझ्याकडे द्यावी.