मनुष्याकृती शिकताना आधी सांगाडा की आधी माणसे?

कलाशिक्षक, परभणी
इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रांत एसटीची वाट पाहणारा माणूस हमखास दोन्ही पायांवर काठीसारखा ताठ उभा असतो. भार एका पायावर आला की त्या बाजूची कंबर वर चढते आणि खांदा त्याच बाजूला खाली उतरतो, हे मुलांना ठाऊकच नसते. त्यामुळे पहिले वर्षभर केवळ सांगाडा व स्नायूच काढून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्केचबुकवाला, हिंगोली
हे मला मुळीच पटत नाही. मी असे वर्ष काढले आहे; स्नायूंची नावे तोंडपाठ झाली, पण नंतर काढलेला प्रत्येक माणूस, अगदी बाजेवर निजलेला म्हाताराही, कातडी सोलल्यासारखा आणि सगळे स्नायू ताणलेला दिसू लागला. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीतील पद्मपाणी पाहावा: दंडावर एकही स्नायू दाखवलेला नाही, तरी देहाचा बाक अचूक आहे. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बसून दोन-दोन मिनिटांची रेखाटने करावीत, हात आपोआप वळतो.

कलाशिक्षक, परभणी
हात वळतो, पण चूकही हाताला वळण लावते. भाकरी थापणाऱ्या बाईचा तळहात खाली वळला की अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडावरून तिरपे जाते आणि मनगटाजवळ हात चपटा दिसतो. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी शंभर भाकऱ्या पाहूनही नळीसारखाच हात काढतो.

वाचक, छत्रपती संभाजीनगर
आपल्याकडेही शास्त्र होतेच. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार असून त्यांतील हंस 108 अंगुळांचा, तर शशक 90 अंगुळांचा सांगितला आहे. मात्र ते प्रमाणशास्त्र आहे, कातडीखालचे शास्त्र नव्हे. तेव्हा दोघांपैकी कोणीही त्याला साक्षीला बोलावू नये, ही विनंती.

कलाशिक्षक, परभणी
‘वर्षभर’ हा शब्द मी मागे घेतो, मुद्दा नाही. घोट्याचे बाहेरचे हाड आतल्यापेक्षा खाली असते, हे मोंढ्यात दहा वर्षे रेखाटने करणाऱ्यालाही कोणीतरी सांगावे लागते.

स्केचबुकवाला, हिंगोली
आत्ताच मोजा काढून पाहिले. बाहेरचे खाली आहे, हे मान्य; माझ्या वह्यांतील घोटे मात्र सरळ एका रेषेत आहेत. तरीही, गुरुजी, हे मला सांगाड्यात नाही, स्वतःच्या पायात दिसले.