पोलीस ठाण्याचा ग्रुप आहे, पण रात्री खरं काय ते कुणाला विचारायचं?

बेदाणा_शेड (तासगाव तालुका), प्रश्न:

आमच्या गावात सध्या "चोर आलेत" चालू आहे. रात्री दहाच्या पुढं कुणाच्या तरी फोनवर आवाज येऊन पडतो: अमक्याच्या मळ्यात चौघं दिसले, तोंडाला फडकी, हातात कोयते. बोलणारा कोण ते माहीत नाही, मळा कुठल्या गावातला तेही नाही. तरी पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन चौकात. शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, म्हणजे मोटर चालू करायला निम्मं गाव तसंही रानात असतं. माझ्या चुलत्यालाच त्याच्या स्वतःच्या बांधावर घेरलं होतं. आवाज ओळखीचा निघाला म्हणून सुटला.

काल चादरी विकणारे दोघं मोटरसायकलवरून चालले होते, हिंदी बोलणारे. त्यांना मंदिरापुढं बसवून ठेवलं. आधार कार्ड बघितलं, गाठोडी सोडली, चादरी रस्त्यावर पसरल्या. कुणी हात उचलला नाही, पण मी तिथं होतो आणि एकानं जरी उचलला असता तर मागचे पन्नास जण थांबले नसते, हे मला दिसत होतं. बागेत माल काढायला बिहारची पोरं आहेत, ती आता अंधार पडल्यावर दुकानापर्यंतही जात नाहीत.

ठाण्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की! त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं. सकाळी अकराला त्यावर सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो आला: नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, अफवा पसरविणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल. कुठली अफवा, कुठल्या गावची, चोरी झालीय का नाही, काहीच नाही. आई म्हणाली, साहेबांनी कागद काढलाय म्हणजे काहीतरी घडलंच असणार.

पोलिसांना शिव्या घालायला हा धागा काढलेला नाही. ठाण्यात माणसं किती आणि गावं किती ते आम्हालाही दिसतं. मला एवढंच विचारायचंय की रात्री साडेदहाला "हे खरं आहे का" एवढं विचारायची सोय तुमच्याकडं कुठं आहे का? असली तर ती कशी चालते?

कराडकर_88:

112 लाव, दुसरं काय. फक्त एक ध्यानात ठेव. तो फोन तुझ्या तालुक्यात कुणी उचलत नाही. नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात उचलतात आणि तिथून जिल्ह्यातल्या जवळच्या गाडीला कळवतात. त्यामुळं नुसतं "नागाव" म्हणून चालत नाही. तुमच्याच तालुक्यात नागाव कवठेही आहे आणि नागाव निमणीही. जिल्हा, तालुका, गाव, जवळची खूण, या क्रमानं सांग. जानेवारीत पोलीस रेझिंग डेच्या आठवड्यात शाळेतल्या पोरांना ठाण्यात नेऊन बंदुका दाखवतात, त्यापेक्षा हा फोन कसा करायचा ते शिकवलं तर बरं होईल.

बेदाणा_शेड:

भाऊ, 112 माहीत आहे. पण ते गाडी बोलवायला. मला गाडी नको, उत्तर पाहिजे.

पोलीसपाटील_जत:

दादा, तुझा प्रश्न बरोबर आहे. मी जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या एका गावात पोलीस पाटील आहे. गावात निम्मी घरं कन्नड बोलणारी. आमच्या तालुक्यात काय झालं होतं ते आठवत असेल. सप्टेंबर 2022, लवंगा. उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघालेले. एका पोराला रस्ता विचारला. पोरं पळवणारी टोळी म्हणून लोकांनी गाडीतून ओढून, पट्ट्यानं, काठीनं मारलं. साधूंनी आधी तक्रारही दिली नव्हती, पोलिसांनी स्वतः दखल घेऊन गुन्हा नोंदवला, अटका केल्या. त्याच्या चार वर्षं आधी, जुलै 2018 मध्ये, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना ह्याच संशयावरून मारून टाकलं. ती पाचही माणसं भिक्षुकी करून खाणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक आमच्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातली. त्यामुळं तुझ्या चादरीवाल्यांची गोष्ट मी वाचून सोडून देऊ शकत नाही.

लवंग्यानंतर मी एक ठरवून टाकलं. ठाण्याच्या कागदाची वाट बघायची नाही. तो कागद वाईट नसतो, पण तो वरून खाली यायला वेळ लागतो आणि त्यात कुणाचं नाव-गाव घालायला लिहिणारा घाबरतो. शेवटी राहतं काय, तर "विश्वास ठेवू नका". ज्यानं अफवा ऐकलेलीच नव्हती तोही विचारतो, कुठली?

आता मी काय करते ते सांगते. मेसेज आला की मी ठाण्याच्या लँडलाईनवर फोन लावते. साहेबांना नाही, ठाणे अंमलदाराला. रात्री कुणी ना कुणी त्या टेबलावर असतंच. त्याला "काय चाललंय हो" असं विचारलं की तो "काय नाही, बंदोबस्त आहे" म्हणतो आणि फोन ठेवतो. म्हणून मी नेमकं विचारते: या गावच्या हद्दीत आज चोरीची नोंद आहे का? असेल तर कुठल्या वस्तीवर, किती वाजता? आपली गाडी आत्ता कुठल्या बाजूला आहे? एवढं तो सांगू शकतो आणि सांगतो. संशयिताचं नाव, फिर्यादीचं नाव मी विचारतच नाही, ते त्यानं सांगूही नये.

मग माझ्या आवाजात गावच्या ग्रुपवर टाकते, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये: "मी पोलीस पाटील बोलतेय. आता रात्रीचे पावणेअकरा झालेत. ठाण्यात आत्ताच विचारलं. आपल्या हद्दीत चोरीची नोंद नाही. पलीकडच्या वस्तीवर कुत्री भुंकली म्हणून फोन गेला होता, पोलीस जाऊन बघून आले, काही सापडलं नाही." कुत्री भुंकली होती हेसुद्धा सांगायचं. लोकांनी कानांनी ऐकलेलं असतं, ते गाळलं की तुमचं बाकीचं खोटं वाटतं. आणि खरंच चोरी झाली असेल तर तेही तसंच सांगायचं, लपवायचं नाही. मागं एका वस्तीवर शेळ्या गेल्या होत्या. मी सांगितलं: शेळ्या गेल्यात, पिकअपमधून नेल्यात, दिवसा नेल्यात. त्या रात्री चौकात गर्दी झाली नाही, कारण शेळ्या नेणारा पिकअपवाला आणि अंधारातला कोयतेवाला हे दोन वेगळे आहेत हे लोकांना कळलं.

1967 च्या ग्राम पोलीस कायद्याप्रमाणं गावातली खबर ठाण्याला देणं हे आमचं काम. ठाण्याची खबर गावाला देणं हा मी लावून घेतलेला उद्योग आहे. पहिल्यांदा एका साहेबांना ते रुचलं नव्हतं. "तुम्ही प्रवक्त्या आहात का" म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तुम्ही बोला, मी गप्प बसते. पुढं त्यांनीच बीट अंमलदाराला, म्हणजे आमच्या भागातली गावं ज्याच्याकडं आहेत त्या पोलिसाला, सांगितलं, ताईंचा फोन आला की उचलत जा.

दुसरं, ग्राम सुरक्षा यंत्रणा. 1800 270 3600 हा टोल फ्री नंबर आहे. गावातले नंबर आधी त्यात नोंदवावे लागतात. मग नोंदलेल्या एकानं त्यावर फोन करून बोललं की तोच आवाज बाकीच्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम फोनसारखा वाजतो. नेट लागत नाही, साधा डबडा फोन असला तरी चालतं. बिबट्या, आग, दरोडा, पूर यांसाठी उपयोगाची गोष्ट आहे. तुमच्या गावची नोंद झालीय का ते ग्रामपंचायतीत विचार. बऱ्याच गावांत नोंद एकदा होते आणि नंबर बदलले तरी यादी तीच राहते.

आणि ती पोरं. त्यांना घरी बसा म्हणू नकोस, बसणार नाहीत. ग्राम सुरक्षा दल म्हणून त्यांची नावं ठाण्यात दे. कुठल्या रात्री कोण, ते वहीत लिहा. शिट्टी, बॅटरी, काठी चालेल. कोयता-कुऱ्हाड दिसली की मी स्वतः काढून घेते. अनोळखी माणूस अडवला तर बसवून ठेवून गाठोडी उपसायची नाहीत, लगेच ठाण्याला फोन. नाव नोंदलेलं पोरगं जरा जपून वागतं, असा माझा अनुभव आहे.

निवृत्त_हवालदार_सांगली:

पाटीलताईंशी सहमत, पण ग्रुप बंद का असतो ते कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. आम्ही एक ग्रुप उघडा ठेवून बघितला होता. दोन दिवसांत वाढदिवस, गुड मॉर्निंग, प्लॉटच्या जाहिराती आणि एका नेत्याच्या माणसांची दुसऱ्याच्या माणसांशी जुंपलेली. त्यात खरी खबर गाडली गेली तर उद्या तुम्हीच म्हणणार, ग्रुपवर टाकलं होतं, पोलीस आले नाहीत.

पण सांगायची पद्धत चुकते हे खरं. आयुष्यभर सांगलीत नोकरी केली. पूर आला की लोक एकच विचारतात, आयर्विनला (कृष्णेवरच्या पुलाला) पाणी किती? 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हाही लोकांना धीर फुटांनी दिला, भाषणानं नाही. कितीला वाजता किती फूट, वाढतंय का उतरतंय. माणूस तेवढ्यावर ठरवतो, सामान माळ्यावर टाकायचं का गाव सोडायचं. "पुराच्या अफवांवर विश्वास ठेवू नका" असा कागद काढून भागलं असतं का? चोरांच्या बाबतीत आम्ही फूट सांगत नाही, तिथं गाडं अडतं.

आणि एक. शांतता समितीची बैठक गणपतीच्या आणि ईदच्या तोंडावर होते. चहा-बिस्किट, फोटो, पुढच्या सणापर्यंत राम राम. बीट अंमलदारानं आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीत तासभर बसावं, कागद नको न फोटो नको. आमच्या वेळी एक साहेब बसवायचे. गोपनीयच्या (गुपचूप खबर काढणाऱ्या) पोलिसाला महिनाभर फिरून मिळत नव्हतं ते तिथं आपोआप कळायचं.

विटा_वकील:

काका, फुटांची गोष्ट पटली. मी कायद्याचं थोडक्यात टाकतो.

गुन्हा खरंच दाखल झालाय का हे तुम्ही स्वतःही बघू शकता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशाप्रमाणं एफआयआर 24 तासांत, नेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त 72 तासांत, पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा असतो. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळून. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं, तारीख टाकून शोधता येतं. रात्री साडेदहाला याचा उपयोग नाही, पण दोन दिवसांनी चौकात "तिकडं सात घरं फोडली" म्हणणाऱ्याला यादी दाखवता येते.

दुसरं, ज्याच्या घरी खरंच चोरी झाली त्याच्यासाठी. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम 173 प्रमाणं एफआयआरची प्रत फुकट मिळते. कलम 193 प्रमाणं तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, मोबाईलवरून कळवलं तरी चालतं. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांची चोरीपेक्षा मोठी तक्रार हीच असते की नंतर कुणी काही सांगितलंच नाही. एक साधा अर्ज करून कलमाचा उल्लेख करा. भांडायची गरज पडत नाही.

बेदाणा_शेड:

ताई, काका, वकीलसाहेब, आभार. ताईंचं वाचून आज ठाण्याच्या लँडलाईनवर फोन केला. तुम्ही सांगितलंत तसंच विचारलं. उत्तर मिळालं: आपल्या हद्दीत चोरीची नोंद नाही. ज्या मळ्याचं नाव फिरतंय तसा मळाच आमच्या गावात नाही. आमचे पोलीस पाटील वयस्कर आहेत, त्यांना व्हॉट्सअ‍ॅप जमत नाही, पण आवाज अख्खा गाव ओळखतो. त्यांना ग्रामपंचायतीच्या स्पीकरवर बोलायला लावलं. आधी ते "मी काय बोलू" म्हणत होते, मग माईक सोडेनात. तंटामुक्त गाव मोहिमेपासून सुरू केलं. ती आमच्याच अंजनीच्या आर. आर. आबांनी 2007 ला काढलेली, त्यामुळं त्यांना थांबवणार कोण! चोरी नाही हे त्यांनी शेवटी सांगितलं, पण सांगितलं.

सुरक्षा यंत्रणेत गावाची नोंद आहे, यादी जुनी आहे. नवीन नंबर गोळा करतोय. चादरीवाल्यांचा पत्ता लागला नाही.

एक राहिलं. बागेतल्या बिहारच्या पोरांना हिंदीत मी सांगीन. पण बेदाणा शेडवर विजापूरकडच्या बायका आहेत, त्यांना मराठी नीट कळत नाही. त्यांच्यासाठी कन्नडमध्ये दोन वाक्यं तुमच्या आवाजात मिळतील का?

पोलीसपाटील_जत:

मिळतील की. पण माझा आवाज तिथं कोण ओळखणार? तुझ्या शेडवर त्यांची मुकादम असेल ना, तिला माझा नंबर दे. मी तिला फोनवर समजावते, ती तिच्या तोंडानं सांगेल. आणि पोरांची नावं ठाण्यात देशील तेव्हा त्या बायकांची न् बिहारच्या पोरांचीही यादी सोबत दे, कुठल्या शेडवर, कुणाच्या बागेत ते लिहून. बीट अंमलदाराची सही घेऊन एक प्रत चौकातल्या पोरांकडं राहू दे. पाटील आजोबांना म्हणावं, उद्या आधी चोरीचं सांगा, मग आबांचं.